दीड बोट रेघ

पूर्णा, रविवार, १८ जानेवारी १९४८

अप्पा,

अकरा वर्षांत तुम्हाला एक ओळही लिहिली नाही, त्याबद्दल माफी मागतो. गेलेल्या माणसाला पत्र लिहिणं मला बावळटपणाचं वाटत आलं आहे, आजही वाटतं. पण रोजनिशीत मी फार सफाईनं लिहितो, हे अलीकडे ध्यानात आलं. गेल्या आठवड्यात जुन्या वह्या काढून वाचल्या. त्या एका दुपारबद्दल मी जवळजवळ दर वर्षी काहीतरी लिहिलेलं आहे, आणि दर वर्षीच्या वहीत मी आदल्या वर्षीपेक्षा थोडा अधिक दयाळू निघालो आहे. असंच चालू राहिलं तर पन्नाशीला पोचेपर्यंत मी संत होईन. वाचून किळस आली. तुमच्यासमोर अशी सफाई चालायची नाही, म्हणून वही मिटून हा सुटा कागद घेतला आहे.

निमित्त असं घडलं की हैदराबादेहून तुमच्या एका जुन्या विद्यार्थ्याचं पत्र आलं. तुम्ही जिथे पंचवीस वर्षं शरीररचना शिकवलीत, तिथेच आता ते शिकवतात. पत्र उर्दूत आहे, अक्षर मोत्यासारखं. उस्तादांनी अखेरच्या दिवसांत बकऱ्याच्या मेंदूचं एक मोठं चित्र करून घेतलं होतं, ते माझ्याकडे आहे असं त्यांना कळलं, ते वर्गात लावायचं आहे, असं लिहितात. पुढचं वाक्य मी तीनदा वाचलं. मुलांना दाखवायचं आहे म्हणे, की आमच्या उस्तादांनी देठापासून लहान मेंदूपर्यंतचा धागा पुस्तकातून उतरवला नाही, डोळ्यांनी पाहून काढला. सोमवारी सकाळच्या पॅसेंजरनं येतो आणि दुपारच्या गाडीनं परततो, असं कळवलं आहे. सोमवार म्हणजे उद्या. गाड्यांचं सध्या काही खरं नाही, निम्मी पेठ सरहद्दीपलीकडे सोयऱ्यांकडे निघून गेली आहे, राहिलेले लोक दिवस कलताच दारं लावून घेतात. अशा दिवसांत हा माणूस एका कागदासाठी एवढा प्रवास करतो आहे, कारण त्या कागदावर खोटं काही नाही अशी त्याची खात्री आहे.

पत्र वाचून मी माळ्यावरची, शेवटच्या मेंदूची बरणी खाली काढली. वरचं फॉर्मलिन चहाच्या रंगाचं झालं होतं. झाकण उघडलं मात्र, आमची मंडळी स्वयंपाकघरातून ओरडली, "आधी अंगणात न्या ते! अकरा वर्षं सांगायलेय, त्याला घरात ठिवू नका म्हनून. आन् काढायलाव कवा, तर ऐन जेवायच्या टायमाला." मी बरणी अंगणात नेली. शिळ्या खरवसासारखा तो गोळा डाव्या हातावर घेतला आणि तुम्ही दिलेलं पितळी मुठीचं भिंग डोळ्याला लावलं. मध्यावर तो खड्डा तसाच आहे, कडा उसवलेल्या, माझ्या नखाएवढा. त्या दिवशी होता त्याहून लहान झाला असेल अशी काही वेडी आशा मला होती की काय, कोण जाणे. त्याच डाव्या हातावर मी सकाळी इष्टलिंग घेऊन पूजा केली होती. साबणानं तीनदा हात धुतला तरी वास जात नाही. पुष्कळदा बरणी वर्ष वर्ष उघडलेली नसते, तरीही पूजेला बसलो की तो वास येतो.

सगळं पहिल्यापासून लिहितो. तुम्हाला ठाऊकच आहे ते, पण मला क्रमानं लिहायची गरज आहे. तुम्ही पेन्शन घेऊन पूर्ण्याला आलात तेव्हा मी तिशीचा होतो, सरकारी शाळेत सायन्स शिकवत होतो आणि फळ्यावर बेडकाचं चित्र चांगलं काढतो एवढीच माझी कीर्ती होती. ती ऐकून तुम्ही मला बोलावलंत. तुम्ही ओसरीवर बसला होता. अक्कांनी चहा आणला. कप माझ्यासमोर ठेवताना त्यांचा उजवा हात कपाच्या पुढे गेला, परत आला, पुन्हा गेला, आणि अर्धा चहा माझ्या धोतरावर सांडला. मी गडबडलो. त्या हसल्या. "घाबरू नगा मास्तर, मी पिलेली न्हाई. माझ्या हाताला सुदिक वाटतं आपन बराबर चाललाव." शेजारपाजारचे लोक काय बोलतात ते त्यांच्या कानावर जात होतं, म्हणून तो विनोद त्या स्वतःच आधी करून टाकायच्या. त्या आत गेल्यावर तुम्ही म्हणालात, "हिनं मला एकच विचारलंय. बरं करा म्हणत नाही. हात माझा, पण वाट कुठं चुकायलीय तेवढं सांगा, म्हणती. पंचवीस वर्षं पोरांना शिकवलं, आणि बायकोला सांगायची पाळी आली तेव्हा कळलं, मी फक्त पुस्तक शिकवत होतो."

मग तुम्ही पाटीवर काढून दाखवलंत. मेंदूचा खालचा जाड भाग, जो पाठीच्या कण्यात उतरतो, ते देठ. देठाच्या मागे चिकटलेला, पानकोबीसारख्या घड्यांचा, तो लहान मेंदू. हात नेमका कपावर थांबावा हे काम त्याचं. त्याची उजवी बाजू उजव्या हाताचं बघते, डावी डाव्याचं, एवढं तुम्ही रोग्यांमध्ये स्वतः पाहिलं होतं. पण देठाच्या पोटात दोन्हीकडे एकेक सुरकुतलेली गाठ असते, जैतुनाच्या फळासारखी, आणि तिच्यातून निघणारे धागे मधली सीमा ओलांडून पलीकडच्या बाजूला लहान मेंदूत चढतात, असं पुस्तक सांगतं. "हिचा हात उजवा. बिघाड लहान मेंदूत असला तर तो उजवीकडे. गाठीत असला, आणि धागा खरंच बाजू बदलत असला, तर डावीकडे. बदलतो का, हे पाहिल्याशिवाय मी तिला काही सांगणार नाही. आणि मला आता दिसत नाही." तुमच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. तुम्हाला माझे डोळे पाहिजे होते. मला गर्व झाला, अप्पा. मी हो म्हणालो ते अक्कांसाठी म्हणालो नाही, एवढ्या मोठ्या माणसाला आपली गरज आहे या गर्वापायी म्हणालो.

त्यानंतरची दोन वर्षं मी किळस सोसत काढली. हे तुम्हाला कधी सांगितलं नाही. आपली लिंगायतांची घरं. अंडं फुटल्याचा वास आला तरी आमच्याकडे उंबरा धुऊन घेत. आणि मी मात्र आठवड्याच्या बाजारी खाटकाच्या दुकानामागे उभा राहायचो, मिशीवर उपरणं घेऊन, कुणी ओळखू नये म्हणून. खाटीक मोठ्या मनाचा माणूस. कवटी न फोडता कडेनं करवतायची कशी, हे तुम्ही त्याला शिकवलं होतं आणि त्याचा त्याला अभिमान होता. तुमच्या दारात डबा आणून ठेवताना दर वेळी तेच विचारायचा, "क्या डागदरसाब, सारा पूर्णा भेजा खाता, तुम अकेले उसकू पढते! कुछ लिखा हुवा मिला क्या अंदर?" तुम्ही म्हणायचा, "लिखा है मियाँ, मगर स्याही बहोत फीकी है." तो माझ्याकडे बघून डोळा मिचकावायचा. "ये मास्तर कू देखो. इनकू लगता मैं इनकाच सर काटा हूँ." मी तेव्हा भिंतीला धरून उभा असायचो. जंगमांनी तुमच्या घरचं पाणी घेणं बंद केलं, तेव्हा तुम्ही एवढंच म्हणालात की विहीर आपल्याच अंगणात आहे, आपल्याला पुरेल.

अक्कांच्या लोणच्याच्या चार बरण्या गेल्या त्या गेल्याच. महिना दीड महिना मेंदू फॉर्मलिनमध्ये मुरवायचा. मग कुल्फीवाला करतो तसं पत्र्याच्या डब्याभोवती बर्फ आणि खडे मीठ भरून तो गोठवायचा, वितळू द्यायचा, पुन्हा गोठवायचा. असं केलं की आतल्या पाण्याचे स्फटिक होतात आणि धागे एकमेकांपासून सुटे होतात, असं तुम्ही कुठल्याशा परदेशी नियतकालिकात वाचलं होतं. बर्फ स्टेशनवरून यायचा, साहेबांच्या डब्यांसाठी आलेला, लाकडाच्या भुशात गुंडाळलेला. मिठाचं पोतं तुमच्या खोलीच्या कोपऱ्यात कायम. सुरी वापरायची नाही, ही तुमची पहिली अट. बांबूची बोथट काडी. सुरी आपल्याला हवी तिथे वाट काढते, म्हणायचा, काडी मात्र धागा जातो तिकडेच जाते. एकेक पदर खरवडायचा नाही, सोलायचा. सरकीवरून कापूस ओढतो तितक्या हलक्या हातानं.

आणि गोळा धरायचा कसा? मी पहिल्या दिवशी चिमट्यानं धरला. तुम्ही चाचपून चिमटा काढून घेतलात. "डावा हात पुढे कर. पूजेला धरतोस तसा. छातीसमोर, श्वास लागेल इतका जवळ. आता ठेव, देठ वर." अप्पा, माझ्या हाताला तो आकार लहानपणापासून ठाऊक होता. अय्याचार होऊन गळ्यात लिंग आलं त्या दिवसापासून, लिंग हातावर घेऊन नजर स्थिर करायची ती हीच जागा. तिथे तो थंड, बुळबुळीत गोळा टेकला आणि माझ्या अंगातून शिसारी गेली ती आजतागायत उतरलेली नाही. दुसऱ्या दिवसापासून मी तुमच्या खोलीत शिरताना गळ्यातलं इष्टलिंगाचं करडगं काढून खुंटीला टांगायला लागलो. लिंगानं हे बघू नये, एवढीच बुद्धी. महिनाभर तुम्हाला कळलं नाही. मग एकदा भिंतीच्या आधारानं येताना तुमचा हात खुंटीवर पडला. तुम्ही करडगं ओळखलंत. आवाज चढवला नाहीत. "हे अंगावर नसलं तर आपल्यात माणसाला काय म्हणतात?" मी म्हटलं, "मेलेला." "मग महिनाभर माझ्या इथं धागा कोण शोधायलंय? मढं?" तुम्ही करडगं खुंटीवरून काढून माझ्यासमोर धरलंत. "जे काम त्याच्यासमोर करायची लाज वाटते, ते करूच नको. घरी जा. आणि करायचं असेल तर ते गळ्यात घालून ये." मी गळ्यात घातलं आणि बसलो. तेव्हा मला वाटलं, मी जिंकलो. आता वाटतं, निदान त्या दिवशी तरी घरी जायला हवं होतं.

चित्राची तुमची रीतही तशीच कडक होती. हातभर लांबरुंद कागद, चौपट आकार, धागे तांबड्या शाईत. जेवढं भिंगातून दिसलं तेवढंच काढायचं. जिथे धागा हरवला तिथे रेघ थांबवायची, कागद कोरा ठेवायचा आणि बारीक अक्षरात लिहायचं, ‘येथे दिसेनासे झाले’. पेन्सिलीनं अंदाज मारायचा नाही, कारण पेन्सिल उद्या शाई होते, म्हणायचा. पहिल्या वर्षी त्या चित्रात कोऱ्या जागाच जास्त होत्या. अक्का बघायच्या आणि म्हणायच्या, "ह्ये काय, वाळवी लागल्यावानी दिसायलंय." मग एकेक जागा भरत गेली. लहान मेंदूतून खाली उतरणारी दांडी सापडली, ती दोन मेंदूंमध्ये पडताळून घेतली. देठात शिरल्यावर धागे वळतात तो बाक सापडला. पलीकडच्या गाठीची सुरकुती सापडली. शेवटी उरली ती एकच कोरी जागा, बरोबर मध्यावर, चित्रात दीड बोट रुंदीची. तिथे डावीकडचे आणि उजवीकडचे धागे एकमेकांत इतके दाट विणलेले असतात की काडी घातली की दोन्ही तुटतात. पाच मेंदू तिथे वाया गेले. पाचही वेळा तुम्ही म्हणालात, "लिही, दिसेनासे झाले."

सहावा मेंदू फाल्गुनातला. ऊन तापायला लागलं होतं, बर्फ स्टेशनापासून येईपर्यंत निम्मा व्हायचा. तुम्ही त्याच खोलीत बाजेवर पडून होता, पायांना सूज, श्वास पुरत नव्हता, तोंड भिंतीकडे. तो गोळा आतून नीट मुरलेला नव्हता. मी वरचे पदर सोलले आणि आतून जो वास आला तो फॉर्मलिनचा नव्हता, मेलेल्या जनावराचा होता. तुम्ही बाजेवरून विचारता आहात, "कुठवर आलास?" मी सांगतो आहे, "दांडीतून उतरलो, अप्पा. देठात वळलाय." "घाई नको." "मध्याकडे चाललाय." एक माशी देठावर बसते, उठते आणि माझ्या ओठावर येऊन बसते. दोन्ही हात गुंतलेले, मला ती उडवता येत नाही. घशाशी आंबट पाणी येतं, हात हिसकतो आणि काडी आत जाते. बाहेर येते तेव्हा तिच्या टोकाला पिकल्या सीताफळाच्या गरासारखा तुकडा आहे. मध्य गेलेला आहे.

"काय झालं?"

"काही नाही, अप्पा."

"दिसलं?"

मी त्या खड्ड्याकडे बघतो आहे. माझ्या छातीवर करडगं आहे. तुम्ही श्वास रोखून धरला आहे, मला ऐकू येतं.

"दिसलं."

"ओलांडतो?"

"ओलांडतो."

"पुन्हा बघ."

"बघितलं, अप्पा. ओलांडतो." आणि तुम्ही थांबला असता, तर मीही थांबलो असतो. पण तुम्ही विचारलंत, "कसा दिसतो?" तेव्हा मी पुस्तकातली आकृती डोळ्यांसमोर आणली आणि म्हणालो, "दोन हातांची बोटं एकमेकांत गुंतवावीत तसा." तुम्ही पाठीवर वळलात. छातीवर दोन्ही हात आणून बोटं एकमेकांत गुंतवलीत आणि तशीच धरून ठेवलीत, किती तरी वेळ. मग म्हणालात, "भर ती जागा. आजच भर." मी हात धुतले, तांबडी शाई घेतली आणि दीड बोट रेघ ओढली. ‘येथे दिसेनासे झाले’ ही अक्षरं त्या रेघेखाली गेली. रेघ सुंदर आली. चित्रातली सगळ्यात सफाईदार रेघ तीच आहे, कारण बाकीच्या बघून काढलेल्या आहेत.

तुम्ही हाक मारून अक्कांना बोलावलंत. त्या दाराशी उभ्या राहिल्या, नेहमीसारख्या चौकट धरून. "सापडलं गं. धागा बाजू बदलतो. तुझा हात उजवा, पण गाठ डावीकडची असू शकते." त्या तुमच्याकडे बघेनात, माझ्याकडे बघायला लागल्या. "मास्तर, तुमी बघितलं? तुमच्या डोळ्यानं?" मी मान हलवली. त्या दिवशी त्यांनी सणासारखी गव्हाची गोड हुग्गी केली. मला पाटावर बसवलं. हुग्गीवर तूप वाढताना हात पुढे गेला आणि तूप माझ्या मनगटावर पडलं, कढत. "बघा," त्या म्हणाल्या, "आज कळलं तरी, कुनाला शिव्या द्यायच्या ते." मी हसलो, आणि हुग्गी खाल्ली. दुसऱ्या वाडग्याला नको म्हणालो नाही. दुसऱ्या दिवशी तुम्ही भिंग माझ्या हातात दिलंत. "मला आता ह्याचं काम नाही. ज्यानं बघितलं त्याच्याकडे राहू दे." मी ते घेतलंही.

तीन आठवड्यांनी तुम्ही गेलात. आपल्या रीतीप्रमाणे बसवून खड्ड्यात ठेवलं, डाव्या तळहातावर इष्टलिंग ठेवलं. भोवती भरायला मीठ कमी पडलं, तेव्हा अक्का म्हणाल्या, "त्यांच्या खोलीत पोतं हाय की. त्येच घ्या. त्येंच्या कामाचंच हाय." ते पोतं मीच उचलून आणलं आणि मीच ओतलं. बकऱ्यांची डोकी ज्यात गोठवली त्या मिठाचे खडे तुमच्या मांडीवर, हातावर पडताना मी बघत होतो. लिंग अर्धं मिठात गेलं. लोक म्हणाले, मास्तर फार रडला. मी रडलो नव्हतो. मला पुन्हा तो वास आला होता आणि ओकारी आवरताना डोळ्यांत पाणी आलं होतं.

अक्का त्यानंतर दोन वर्षं होत्या. हे मी कुठल्याच वहीत लिहिलेलं नाही. त्या रोज सकाळी ओसरीवर बसून मानेच्या डाव्या बाजूला, कवटी संपते तिथे, कोमट एरंडेल चोळायच्या. उजव्याच हातानं, कारण त्याला शिकवायचं होतं म्हणे. हात जागा चुकायचा, कानावर जायचा, केसांत जायचा, पुन्हा यायचा. मी शाळेत जाताना रोज बघायचो. एकदा राहवलं नाही, म्हटलं, "अक्का, तेलानं तिथपर्यंत काही पोचत नसतं." त्या म्हणाल्या, "मला काय कळत न्हाई का? पर दुकतंय कुठं त्ये म्हाईत झाल्यावर हात आपसूकच जातो. आन् तुमी सोता बघितलंय ना!" मी पुढे गेलो. घंटा व्हायची होती. अप्पा, पुस्तक बरोबर असेल. माझी रेघ कदाचित खरीच असेल. इतकी वर्षं मी याच वाक्याच्या आडोशाला राहिलो. धागा ओलांडत असेलही. पण अक्कांनी पुस्तकावर विश्वास टाकला नव्हता, माझ्या डोळ्यांवर टाकला होता. आणि धागा ओलांडला म्हणून बिघाड गाठीतच होता असंही नाही. तुम्ही ‘असू शकते’ म्हणाला होता. त्या दोन शब्दांची आठवण मी त्यांना करून दिली असती तरी पुरलं असतं. पण तो विषय काढायचा म्हणजे त्या दुपारकडे परत जावं लागलं असतं.

दुपार सरत आली. चित्र समोर पसरून ठेवलं आहे. तुमच्या विद्यार्थ्याला ते देऊच नये, वाळवीनं खाल्लं म्हणावं, असं सकाळपासून दोनदा मनात आलं. तसंच द्यावं, पुस्तकाप्रमाणे बरोबर तर आहे, असं चारदा आलं. मग मनाशी बघितलं की वर्गातली मुलं त्या भिंतीसमोर उभी आहेत आणि कुणी तरी त्या दीड बोटावर छडी ठेवून सांगतो आहे की हे पाहून काढलेलं आहे. त्या मुलांपैकी एखादा उद्या कुणाच्या तरी बायकोला डावीकडे की उजवीकडे ते सांगेल. रेघ खरडली तर कागद तिथे उसवेल, डाग राहील, आणि ते विचारतील, उस्तादांच्या चित्राला हे काय केलंत. तेव्हा बरणी पुढे ठेवून खड्डा दाखवायचा, इतकं ठरवलं आहे. भिंगही त्यांनाच देईन.

वह्यांत मी सगळीकडे असं लिहिलं आहे की मरणाऱ्या गुरूला समाधान मिळावं म्हणून मी खोटं बोललो. ते खरं नाही. मी खोटं बोललो कारण ‘दिसेनासे झाले’ म्हटलं असतं तर तुम्ही सातवा मेंदू मागवला असता. मला फक्त ते संपायला हवं होतं. आणि तुम्ही गेल्याचा निरोप घेऊन माणूस शाळेत आला तेव्हा, अप्पा, माझ्या मनात सगळ्यांत पहिल्यांदा हेच आलं की आता ते डोकं हातावर घ्यावं लागणार नाही. मला बरं वाटलं होतं.

हा कागद घडी करून करडग्याच्या पेटीत ठेवतो आहे. खरडायला सकाळचा उजेड बरा.

उद्या: गाडी यायच्या आत मधली रेघ ब्लेडनं खरडणे.